ट्यूबमधला हिंगूळ

नाशिकला गोदाघाटावर चित्र काढायला बसलं की दुतोंड्या मारुती समोर येतोच. पुराचं पाणी त्याच्या कुठवर चढलं यावरून गाव पुराचा अंदाज बांधतं. काळा दगड, गढूळ पाणी आणि त्यात हा शेंदरी मारुती. तो कागदावर उतरवायला मी जी ट्यूब उघडतो तिच्यावर ‘व्हर्मिलियन ह्यू’ असं लिहिलेलं आहे. व्हर्मिलियन म्हणजे हिंगूळ, पण ट्यूबमध्ये हिंगुळाचा कणही नाही. ‘ह्यू’ म्हणजे छटा तेवढी त्या रंगाची, द्रव्य वेगळं.

खरा हिंगूळ पारा आणि गंधकाचा. दोन्ही एकत्र खलले की आधी काळी भुकटी होते. ती तापवून तिची वाफ जमू दिली की लाल थर मिळतो. तो महाग, म्हणून त्यात शेंदूर मिसळायची, कधी विटेची पूडही घालायची चाल जुनी. शेंदूर शिशाचा, तोही हिंगुळासारखाच जड आणि विषारी. १८७० च्या दशकात इओसिन हा कृत्रिम रंग आला. ज्याची लाल शाई बनते तोच हा. शेंदरावर इओसिन चढवलं की हुबेहूब हिंगूळ दिसे. पण इओसिन उन्हात टिकत नाही. ते उडालं की खालचा नारिंगी शेंदूर उघडा पडे. व्हॅन गॉगने इओसिनचा लाल वापरला होता. त्याच्या काही चित्रांतले गुलाबी गुलाब आज पांढुरके दिसतात ते त्यामुळेच.

आता शाळेच्या रंगपेटीतला ‘क्रिमसन लेक’ घ्या. लहानपणी मला वाटायचं, हा कुठल्यातरी तलावाचा रंग. हा ‘लेक’ खरं तर आपल्या लाखेतून, संस्कृत ‘लाक्षा’ शब्दातून तिकडे गेला. लाखेचा रंग पाण्यात विरघळतो. तसाच वापरला तर कागदात झिरपेल. म्हणून त्या लाल पाण्यात तुरटी विरघळवायची आणि धुण्याचा सोडा थोडा थोडा घालायचा. फेस येतो, पाणी गढुळतं आणि पांढरा गाळ धरू लागतो. हा गाळ रंगाला घट्ट पकडून तळाशी बसतो. तो गाळून, वाळवून, घोटला की झालं रंगद्रव्य. रंग लाखेचा असो की मंजिष्ठेच्या मुळांचा, ‘लेक’ करायची रीत साधारण हीच.

मंजिष्ठेतला अलिझरिन १८६८ साली जर्मनीत प्रयोगशाळेत तयार झाला आणि मंजिष्ठेची शेती बसली. पण तोही पातळ थरात उन्हाने फिकटतो. म्हणून आज ‘अलिझरिन क्रिमसन ह्यू’ मिळतो: नकलेची नक्कल, आणि चांगल्या कंपनीचा असेल तर मूळ रंगापेक्षा पक्की!

‘नकली’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी माझं इथेच जमत नाही. हिंगूळसुद्धा उजेडात काळवंडू शकतो. त्याच्या जागी आलेला कॅडमियम लाल पक्का आणि झाकणारा, पण महाग आणि जपून हाताळायचा. ‘ह्यू’मध्ये नॅफ्थॉल, पायरोल अशी कार्बनी रंगद्रव्यं असतात. त्यांतला पायरोल तर मोटारींच्या रंगातही वापरतात, इतका तो उन्हाला दाद देत नाही. नॅफ्थॉलमध्ये मात्र काही पक्के, काही कच्चे.

म्हणून ट्यूब उलटी करून बारीक अक्षरातला क्रमांक वाचावा. पी.आर. (पिगमेंट रेड) १०६ म्हणजे खरा हिंगूळ, १०५ शेंदूर, १०८ कॅडमियम, २५४ पायरोल, ८३ अलिझरिन. क्रमांकच नसेल तर विकायच्या चित्रात तो रंग मी वापरत नाही. कागदावर फरक कळतो तो पांढरा मिसळल्यावर. कॅडमियमचा गुलाबी जरा विटकरीकडे झुकतो, पायरोलचा स्वच्छ, टवटवीत राहतो. दुतोंड्याच्या अंगावर ऊन पडलेली बाजू मला पायरोलमध्ये थोडा पिवळा घालून साधते.

खात्री हवी तर जाड कागदावर रंगाची एक पट्टी ओढा, अर्धी काळ्या पुठ्ठ्याने झाका आणि पुठ्ठ्यावर तारीख लिहा. मग ती दक्षिणेकडच्या खिडकीच्या काचेला लावा, दिवाळीला लावली तर होळीपर्यंत तशीच राहू द्या. पुठ्ठा काढल्यावर मधे रेघ दिसली तर तो रंग कच्चा. माझ्या खिडकीत आत्ता सात पट्ट्या आहेत; त्यांतल्या दोन पट्ट्यांवर रेघ उमटायला लागली आहे.