सुरस, चमत्कारिक आणि तिघांनी मिळून लिहिलेलं

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, तुमच्याही शाळेच्या कपाटात तळाच्या फळीवर जाडजूड, पिवळी पडलेली पुस्तकं असतीलच. मागच्या वर्षी आम्ही निर्लेखनाची यादी करायला बसलो, तेव्हा ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ या ग्रंथाचे दोन भाग हाती लागले. कोकणातल्या दमट हवेने पानं चिकटलेली. शेराही तयार होता : भाषा जुनी, मुलांना उपयोग नाही. मी ते दोन्ही भाग यादीतून काढून घेतले. का, ते सांगते.

मूळ ग्रंथ म्हणजे आपण ज्याला अरेबियन नाइट्स म्हणतो तो. बायकोच्या बेइमानीने चिडलेला एक राजा रोज नवं लग्न करतो आणि सकाळी त्या बायकोला मारून टाकतो. मग वजिराची मुलगी स्वतःहून त्याच्याशी लग्न करते. ती रात्री गोष्ट सांगायला घेते, आणि गोष्ट ऐन रंगात आली की पहाट होते. राजाला पुढचं ऐकायचं असतं, म्हणून तो तिला आणखी एक दिवस जगू देतो. असं हजार रात्री चालतं. मालिका संपताना ‘क्रमशः’ आलं की आपण चरफडतो ना? इथे त्या ‘क्रमशः’वर एका बाईचा जीव टांगलेला आहे.

हा ग्रंथ मराठीत आणायला घेतला तो कृष्णशास्त्री चिपळूणकर (१८२४–१८७८) यांनी, इंग्रजीवरून. पुढे त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री आणि हरि कृष्ण दामले यांचाही हात त्याला लागला. ‘निबंधमाला’वाले विष्णुशास्त्री ते हेच. आपल्याला डीएडला त्यांचं नाव आलं ते मराठी भाषेचे शिवाजी म्हणून, पण जिन आणि जादूगारांच्या गोष्टींतही ते रमले होते, हे कुणी सांगितलं नव्हतं. रत्नागिरीकरांसाठी आणखी एक गोष्ट. विष्णुशास्त्री काही काळ इथल्या सरकारी हायस्कुलात शिक्षक होते. ती नोकरी सोडून ते पुण्याला गेले आणि १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं.

आता तुम्ही म्हणाल, तिघांनी लिहिलं तर ठिगळं दिसत असतील. मला तरी दिसली नाहीत. एका हाताने कुठे सोडलं आणि दुसऱ्याने कुठे धरलं हे वाचणाऱ्याला कळत नाही, आणि खरं सांगायचं तर त्याला त्याची फिकीरही नसते.

मुळात हा ग्रंथ कधी एकट्याचा नव्हताच. अल्लाउद्दीन आणि अलीबाबा या आपल्या सगळ्यात लाडक्या गोष्टी जुन्या अरबी हस्तलिखितांत नाहीत. १७०९ साली हन्ना दियाब नावाच्या अलेप्पोच्या माणसाने पॅरिसमध्ये त्या आंत्वान गालां या फ्रेंच भाषांतरकाराला सांगितल्या. गालांने त्या आपल्या पुस्तकात घातल्या आणि तिथून त्या जगभर गेल्या. म्हणजे ‘तिळा उघड’मागे एका तोंडी गोष्ट सांगणाऱ्याचा आवाज आहे. दियाबचं नाव मात्र गालांने पुस्तकात घातलं नाही, हे मला बरं वाटत नाही.

मराठीत पुढे गौरी देशपांडे यांनी बर्टनच्या इंग्रजी अनुवादावरून १६ खंड केले. ते मोठ्यांनी वाचायचे. वर्गात नेऊ नका.

जुन्या वाचकांना मात्र चिपळूणकरी गोष्टींचाच लळा. माझ्या सासऱ्यांना विचारलं, तर गोष्टीआधी त्यांना वाक्यं आठवली. लांबलचक, गाडीला डबे जोडावेत तशी. ‘सुरस आणि चमत्कारिक’ हे शब्द तर आपण अजून जोडीनेच वापरतो, कुणी थापा मारायला लागला की हमखास.

मग मी काय केलं? राजाची गोष्ट चौथीच्या मुलांना ‘राजा फार क्रूर होता’ एवढ्यावर आटोपली आणि सरळ कोळ्याच्या गोष्टीवर आले. कोळी जाळं टाकतो, आधी मेलेलं गाढव येतं, मग नुसता चिखल नि खापऱ्या, शेवटी तोंड बंद केलेला तांब्याचा घडा. त्यातून जिन निघतो. रोज शेवटची दहा मिनिटं वाचायचं आणि मध्येच थांबायचं, असं ठरवलं. अवघड शब्द आला की फळ्यावर लिहायचा, अर्थ मुलांनीच ओळखायचा. सोपं करून पुन्हा लिहिण्याचा मोह झाला होता, पण नाही केलं.

वर्गात बंदराकडचा एक मुलगा आहे. वडील मासेमारीला जातात. पुस्तक समोर ठेवलं की हा खिडकीबाहेर बघणार. त्या दिवशी त्याने हात वर केला.

“बाई, तो कोळी दिवसातनं चारदाच जाळं टाकतो?”

“हो, तसा त्याचा नेमच होता.”

“मग पाग असणार. आणि भरती बघून नाय टाकलान, म्हणून गाढव आला.”

वर्ग हसला. मी घंटा होताच, जिन घड्यातून बाहेर येत असताना, पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी परिपाठाच्या आधीच तो कपाटाशी उभा होता. पान त्याने स्वतः शोधलं होतं आणि ‘मोहोर’ या शब्दावर बोट ठेवून विचारत होता, “आंब्याचा मोहोर घड्याच्या तोंडाला कसा लावतात?”