कृपादान आणि स्वानुभव

नागपूरहून भिलाईकडे येणाऱ्या आगगाडीला वाटेत राजनांदगाव लागते. १८९३ साली त्याच गावी निघालेल्या एका मराठी कवीला गाडीतील सहप्रवाशाने बायबलातील नव्या कराराची प्रत दिली. तो कवी म्हणजे नारायण वामन टिळक. वाचता वाचता ते डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि त्यांचे चित्त तेथेच जडले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या अनुभवाचे मोल जबर होते. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांना दुरावल्या. पुढे त्या परतल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पण तो स्वतःच्या मनाची खातरी पटल्यावरच.

ख्रिस्ती धर्मात अशा आंतरिक प्रतीतीला मान आहे, तशी तिला कसोटीही आहे. संत पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात ज्ञान, विश्वास, रोगनिवारण, अन्य भाषांत बोलणे इत्यादी कृपादाने सांगितली आहेत. ती देणारा आत्मा एकच असून ती सर्वांच्या हितासाठी असतात आणि प्रीतीवाचून ती निष्फळ होत, असा त्याच्या विवेचनाचा इत्यर्थ आहे.

टिळकांना लाभलेले दान काव्याचे होते. अभंग, भजन व कीर्तन यांच्या द्वारे त्यांनी ते लोकांच्या हाती दिले. त्यांची पदे मराठी उपासनेत आजही गायिली जातात. अनुभव ज्याचा त्यालाच घ्यावा लागतो. दान मात्र वाटल्यावाचून सार्थ होत नाही.