खाऱ्या पाण्याच्या टाकीतले पांढरे ठिपके

क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हा एकपेशीय परजीवी समुद्री माशांच्या त्वचेत आणि कल्ल्यांत शिरतो. अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके उठतात आणि साधारण ३ ते ७ दिवसांत नाहीसे होतात. फसगत होते ती इथेच. मासा बरा झालेला नसतो. गळून पडलेला परजीवी वाळूत, दगडांवर कोष करून विभागत असतो आणि पुढे एकेका कोषातून शेकडो नवे परजीवी पोहत माशांकडे निघतात. तांब्याचे औषध मारते ते फक्त या पोहणाऱ्या अवस्थेला. प्रवाळ, कोळंबी, गोगलगायींना मात्र तांबे विषच, म्हणून सगळे मासे वेगळ्या टाकीत हलवून, तांब्याचे प्रमाण रोज मोजत उपचार करतात. मूळ टाकी तोवर माशांविना ठेवायची, सहसा ७६ दिवस.