वाद्या आणि पट्टे

दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटार जात नाही, म्हणून माथेरानात आजही कित्येक घरं घोड्यावर चालतात. पावसाळ्यात धंदा मंदावतो. नेरळहून चढणारी छोटी गाडी बंद असते, भिंतींना ओल येते आणि खुंटीवरच्या खोगिरावर पांढरी बुरशी धरते. नवरात्र संपल्यावर एका घोडेवाल्या मामांच्या ओसरीवर मी दोन दिवस बसले. त्यांनी खोगीर बाजूला ठेवलं आणि आधी पट्टे, वाद्या सोडवल्या. "खोगीर फाटलं तर शिवता येतं, ताई. रिकिबीचा पट्टा तुटला तर माणूस खाली."

बुरशी त्यांनी अंगणात नेऊन कोरड्या ब्रशने झाडली, घरात उडायला नको म्हणून. मग पिळून घेतलेलं फडकं ग्लिसरीनच्या साबणावर एकदाच फिरवून, पट्टा अंगठा आणि तर्जनीत धरून फडक्यातून ओढला. फडकं तांबूस-काळं झालं. माथेरानची लाल माती त्यात असतेच, पण खरं नुकसान करतं ते घोड्याच्या घामातलं मीठ. ते ओल धरून ठेवतं आणि वाळलं की चामडं ताठ करतं. भोकांत अडकलेला मळ मामांनी काडेपेटीच्या काडीने टोकरून काढला. बकल काढल्यावर दुमडीत हिरवट कीट निघाली. पितळ आणि चरबी एकत्र आली की ती धरतेच. वरून पाहणाऱ्याला ही जागा दिसत नाही, आणि पट्टा सहसा इथेच तुटतो. मामा ती दुमड उलटी वाकवून, डोळे मिटून बोटाने चाचपत होते. भेग आधी बोटाला कळते.

घोड्यावर चढतात डाव्या बाजूने, त्यामुळे डावा पट्टा जास्त ताणतो. दोन्ही शेजारी धरले तर डावा चांगला बोटभर लांब भरला. पुन्हा चढवताना मामांनी त्यांची अदलाबदल केली. इतकी साधी गोष्ट, पण इतके दिवस घोडे पाहूनही माझ्या ध्यानात आली नव्हती.

लवकर वाळावा म्हणून एक पट्टा मी उन्हात ठेवला. मामांनी न बोलता तो उचलून सावलीत टांगला. उन्हात चामडं कडक होतं.

तेल दुसऱ्या दिवशी लावलं, ओल पूर्ण उतरल्यावर. वहाणांना लावतात तेच एरंडेल, तेही फडक्यावर घेऊन, आतल्या खरबरीत बाजूने अधिक, कारण ती बाजू तेल भराभर पिते. हात मात्र आखडता. तेल जास्त झालं की पट्टा लोळागोळा होतो, ताणतो, बकलची भोकं लांबतात. चामडं हळूहळू गडद होत गेलं आणि ओसरीभर एरंडेलाचा जड वास भरला.

खोगिराला चादर बांधायच्या बारीक वाद्या शेवटी उरल्या. मामा एकेक वादी बोटाभोवती गुंडाळून बघत होते. एकीच्या वळणावर केसाएवढी भेग दिसली. त्यांनी हिसका दिला, वादी तुटली. चांगला राहिलेला तुकडा तोबऱ्याला बांधायला ठेवला आणि पुढची वादी हातात घेतली.