पुसलं तरी राहतं

सकाळी ९.१०

कुलूप काढलं की आधी फळ्यावरचं लुगडं काढायचं. आईच्या जुन्या लुगड्याची खोळ शिवलीय, धुळीला तेवढी पुरते. आत पंच्याहत्तर इंची पॅनेल. ग्रामपंचायतीनं पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातून घेतलेलं. कागदावर ‘इंटरॅक्टिव्ह पॅनेल’, पोरांच्या तोंडी ‘बोटाचा फळा’.

मग कोरडं फडकं. काच राहिली तरी चालते, चौकट राहिलेली चालत नाही. या फळ्याला बोट कळत नाही, अडलेला उजेड कळतो. चौकटीच्या कडांमधून आडवा-उभा अवरक्त प्रकाश सुटलेला असतो, डोळ्यांना न दिसणारा. तो जिथं अडेल तिथं फळा टिंब उमटवतो. बोट, खडू, बांगडी, पदर, सगळं त्याला सारखंच. मागच्या आठवड्यात खालच्या कोपऱ्यात आपोआप रेघा उमटायला लागल्या. सरांनी आणि मी अर्धा तास सेटिंग उचकलं. शेवटी एका पोरानं बोट दाखवलं, “बाई, कोळी.” कोपऱ्यात जाळं धरलं होतं.

पाटोदा तालुक्यातली दोन शिक्षकी शाळा आमची. पहिली ते चौथी, पट एकतीस. दसऱ्यानंतर पट कागदावर एकतीसच असतो, बस्करपट्टीवर मात्र वीस-बावीस. बाकीचे आईबापाबरोबर ऊसतोडीला. हंगामी वसतिगृह आहे म्हणून निम्मे तरी आजीपाशी राहतात. आता मार्च आहे, टोळ्या परतायला लागल्यात. सोमवारी तिसरीतला एक जण आला. वसतिगृहात राहिला असता, पण धाकट्या भावाला कोपीवर सांभाळायला कुणी नव्हतं. जाताना मी दिलेलं शिक्षण हमी पत्रक त्यानं जपून परत आणलं, चार घड्या घालून. तिकडच्या शाळेत ते दाखवायची वेळच आली नाही.

१०.१५

परिपाठ आटोपला. पहिली-दुसरी माझ्याकडे.

दुसरीतला एक मुलगा ‘घर’ला ‘धर’ वाचतो आणि ‘भात’ला ‘मात’. हुशार आहे, गोष्ट ऐकली की तोंडपाठ. वर्षभर मी त्याला दहा-दहा वेळा लिहायला लावलं. त्याच्या वहीत खोडरबरानं भोकं पडली, अक्षर काही बसलं नाही. एकदा ‘घ’ आणि ‘ध’ फळ्यावर हातभर मोठे केले, एकावर एक ठेवले, आणि मलाच कळलं की भांडण कुठं आहे. ‘घ’च्या डोक्यावरची रेघ सलग, ‘ध’ची तुटकी. ‘म’ची सलग, ‘भ’ची तुटकी. दोन्ही जोड्यांत गोंधळाची एक जागा तीच. वहीत ती फट केसाएवढी असते. फळ्यावर ती चार बोटं रुंद केली, खाली लाल रंग भरला. आता तो वरून बोट आणतो. फटीतून आत गेलं तर ‘ध’, रेघेवर अडलं तर ‘घ’.

आज पाचातली चार बरोबर. पाचवं चुकलं, त्यानं मागं नेणारा बाण दाबला, अक्षर गेलं. भोक नाही, डाग नाही, शेजारच्याला दिसलंसुद्धा नाही. या फळ्यानं मला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट तो बाण आहे, चित्रं-गाणी नव्हेत. गाणं लावलं की शाळा गप्प बसते आणि बघायला आलेला पाहुणा खूश होतो, पण दिवसभर गाणी लावायची तर घरचा टीव्ही काय वाईट?

पहिलीतल्या एकीला कमी दिसतं. ती नाक टेकून फळा बघते. सुरुवातीला मी तिला दहादा ‘मागं सरक’ म्हटलं असेन. आता तिच्या वेळेला पाटी काळी, अक्षर पिवळं, आणि खिडकीवर पोतं. पांढऱ्या झगझगीत पडद्यावर तिला काहीच सापडत नव्हतं. दुसऱ्या एकाची मूठ जन्मापासून उघडत नाही, पेन्सिल ठरत नाही. त्याच्यासाठी आकड्यांचे तुकडे भाकरीएवढे केलेत. तो मुठीनं ढकलतो, आणि फळ्याला मूठ आणि बोट सारखंच.

हुशार पोरं मात्र उठून पुढं पळतात. त्यांना आवरणं हे खरं काम. नियम असा, ज्याला वेळ लागतो त्याचा हात पहिला. चौथीतल्या एकीनं विचारलं, “मग आम्ही मुद्दाम हळू शिकायचं का?” मला उत्तर सुचलं नाही.

११.४०

तिसरी-चौथी माझ्या खोलीत, सर पहिली-दुसरीला घेऊन लिंबाखाली. बीड जिल्ह्याचा नकाशा, अकरा तालुके, प्रत्येकाचा सुटा तुकडा. आष्टी पश्चिमेला, परळी पूर्वेला, वर गोदावरी.

उसाहून आलेला तो मागं बसला होता. वाचन अडखळतं, पाच महिने पुस्तक नाही. मी नकाशा लहान केला तसा पूर्ण महाराष्ट्र दिसला. तो उठून आला. पाटोद्यावर बोट ठेवलं आणि रेघ ओढत निघाला. जामखेड, करमाळा, टेंभुर्णी, पंढरपूर, सांगोला, मिरज, शिरोळ. एकही नाव त्यानं वाचलं नाही, सगळी तोंडानं सांगितली. टेंभुर्णीला ट्रॅक्टरचं टायर फुटलं, तिथं रात्र काढली, हेही. रेघ वाकडीतिकडी होती, पण गावांचा क्रम कुठंच चुकला नाही. मग मी प्रत्येक गावाचं नाव रेघेवर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि तो पहिल्यांदा वाचायला लागला. ‘टेंभुर्णी’ हा शब्द तिसरीच्या कुठल्या पुस्तकात सोपा म्हणून देणार नाहीत. त्यानं तो पहिल्या फटक्यात वाचला.

हे चालू असताना माझी नेहमीची चूक झाली. फळ्याकडे तोंड करून बोलत राहिले. चौथीत एक मुलगी कानाला यंत्र लावते. ती अर्धं यंत्रावर ऐकते, अर्धं माझ्या ओठांवर. माझी पाठ फिरली की तिचा तास संपला. तिनं शेजारणीला कोपरानं ढोसलं, तेव्हा ध्यानात आलं. आधी बोलायचं, मग वळायचं, आणि बोलताना पंखा बंद. मार्चमध्ये पंखा बंद केल्यावर बाकीची पोरं माझ्याकडे कशी बघतात ते विचारू नका.

१.००

खिचडी. मावशींनी आज मटकी जास्त घातली. जेवणानंतर तासभर फळा बंद ठेवतो, ओल्या तेलकट बोटांचं कारण.

२.१०

लाईट गेली. फळा काळा ठिक्कर. इन्व्हर्टर आहे, पण त्याची बॅटरी फळ्याचा भार पाच मिनिटंही पेलत नाही.

नेमक्या याच वेळी फिरत्या विशेष शिक्षिका आल्या. पंधरवड्याला एक फेरी, सोळा शाळा आणि एक स्कूटी. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६च्या कायद्यात एकवीस झाले आणि अध्ययन अक्षमता त्यात आली. प्रकार तिप्पट झाले, स्कूटी एकच राहिली. बंद फळा बघून त्या हसल्या. ताटात वाळू घेतली, ‘घ-ध’वाल्याला बसवलं. त्यानं वाळूत बोटानं ‘ध’ काढला आणि डोक्यावर फट सोडली. मग स्वतःच ताट हलवून पुसून टाकला.

जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा सरकारी कार्यक्रम आला, त्या दिवसांत ठाणे जिल्ह्यातल्या पष्टेपाड्याच्या डिजिटल शाळेचा गवगवा होता. मीही भारावले होते. पडदा आला की पोरं शिकणार असं तेव्हा मनापासून वाटायचं. ताट बाईंच्या मांडीवर बघताना ते आठवलं.

३.३५

लाईट आली. मधल्या वेळात सर मोबाईलवर कसलीशी माहिती भरत होते, ती अजून भरतायत.

४.२०

शेवटची वीस मिनिटं आल्या-गेल्यांची. रोजचं पान मी तारीख घालून साठवते. खडूचा फळा पुसला की गेलेल्याचा दिवस गेलाच. इथं डिसेंबर उघडता येतो. परतलेल्या पोरांना आवडेल ते पान निवडू देते.

उसाहून आलेल्यानं चित्रं बघत बघत डिसेंबरमधलं एक पान थांबवलं. वसतिगृहातल्या पोरांनी मिळून ऊस काढला होता. हिरवे दांडे, वर नारळासारखी पसरट पानं. तो बराच वेळ बघत राहिला.

“बाई, वाढं असं नसतं.”

“मग कसं असतं?”

त्यानं मागचा बाण शोधला. मी म्हटलं, ते राहू दे, ते त्यांचं आहे, शेजारी नवं पान घे. त्यानं घेतलं. कांड्या आखूड आखूड केल्या, पेरं दाखवली, वर वाढ्याची लांब पात्यांची शेंडी, बाजूला बांधलेली मोळी. मोळीला आळा कुठं बसतो तेही. अर्धी पोरं जागेवरून उठून बघायला आली. नाक टेकणारी पहिलीतली सगळ्यात पुढं होती.

“नाव काय देऊ पानाला?” मी विचारलं.

तो कळफलकावर एकेक अक्षर हुडकत राहिला. बाहेर घंटेचा टोल झाला, पोरं पळाली. ‘वाढं’मधला ‘ढ’ त्याला सापडत नव्हता. मी लुगड्याची खोळ हातात धरून उभी होते.