परिपाठातील मौन

कळमेश्वरला मी पाचवीत होतो. सकाळच्या परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना होई. आमच्या रांगेतला एक मुलगा ताठ उभा राही, पण ओठ हलवत नसे. एके दिवशी गुरुजींनी त्याला पुढे बोलावून छड्या मारल्या. का म्हणत नाहीस, हे कुणीच विचारले नाही. मीही नाही. कायद्याची पदवी नसताना मी या विषयाच्या मागे लागलो तो त्या छड्यांमुळे.

यातला मुख्य निकाल केरळातला. यहोवाचे साक्षीदार या पंथातली तीन भावंडे दहावी, नववी आणि पाचवीत होती. राष्ट्रगीताला ती आदराने उभी राहत, गात नसत. त्यांच्या मोठ्या बहिणींनीही त्याच शाळेत तसेच केले होते आणि कुणाचे काही अडले नव्हते. जुलै १९८५ मध्ये एका आमदाराच्या नजरेस ते आले, विधानसभेत प्रश्न विचारला गेला, चौकशी झाली. मुलांनी अनादर केला नाही, असे चौकशीत निघाले. तरी खात्याच्या सूचनेवरून त्यांची नावे शाळेतून कमी झाली. उच्च न्यायालयात ती हरली. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने (न्या. चिन्नप्पा रेड्डी, न्या. दत्त) त्यांना परत घ्यायला लावले.

कारणमीमांसा साधी आहे. राष्ट्रीय सन्मानाच्या १९७१ च्या कायद्यात राष्ट्रगीत हेतुपुरस्सर रोखणे किंवा गाणाऱ्या जमावात व्यत्यय आणणे हा गुन्हा आहे. गप्प उभे राहणे नव्हे. खात्याचे परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे, म्हणून त्याच्या आधारे अनुच्छेद १९ चे भाषणस्वातंत्र्य आणि २५ चे सद्सद्विवेकस्वातंत्र्य आखडता येत नाही. बोलण्याच्या हक्कात न बोलणेही येते.

प्रतिज्ञेला तर असा कायदाही नाही. विशाखापट्टणमच्या कोषागारातले अधिकारी पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी ती १९६२ मध्ये तेलुगूत लिहिली. आज ती आपल्या पाठ्यपुस्तकांच्या सुरुवातीलाच छापलेली असते. मला ती आवडते, अजून पाठ आहे. पण आवडणे निराळे.

महाराष्ट्रातला जवळचा दाखला शिक्षकाचा आहे. नाशिकच्या एका शाळेत प्रार्थनेला हात न जोडणाऱ्या शिक्षकाची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली गेली. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अनुच्छेद २८(३) चा आधार घेऊन ही सक्ती घटनाविरोधी ठरवली. हे कलम सरकारमान्य वा अनुदानित शाळेतल्या धार्मिक शिक्षण आणि उपासनेपुरते आहे. त्यातली एक अट मात्र फारसे कुणी वाचत नाही: अज्ञान मुलाच्या बाबतीत संमती पालकाची. म्हणजे शिक्षकाच्या बाबतीत संमती त्याची स्वतःची, मुलाच्या बाबतीत घरच्या मोठ्या माणसाची; ती नसेल तर सक्ती करता येत नाही.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने छडी बंद केली, प्राथमिक शिक्षण पुरे होईतो शाळेतून काढणेही. परिपाठ मात्र लांबतच गेला: २०२० पासून संविधानाची उद्देशिका, २०२३ मध्ये राज्यगीत.

तो मुलगा मला चार वर्षांपूर्वी आठवडी बाजारात भेटला. मी विचारले. म्हणाला, "अरे, मी बोलताना अडखळायचो. सगळे हसायचे." त्याचे वडील संत्र्याच्या बागेत मजुरीला जात. शाळेच्या फाटकाच्या आत मी त्यांना कधी पाहिले नाही.