शुगर झालेला म्हातारा कुत्रा सांभाळताना

बीड जिल्ह्यातल्या नांदूरघाट आणि केज भागातली कितीतरी घरं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. अशा गावात मधुमेह असलेला म्हातारा कुत्रा पदरी घेताना औषधाच्या खर्चाआधी एक गोष्ट ठरवावी: रोज सकाळ-संध्याकाळ सुई कोण देणार? घर फडावर असेल तेव्हा कोण, लग्नाला गेल्यावर कोण?

ओळख

कुत्रा सारखं पाणी पितो, सारखी लघवी करतो आणि पोटभर खाऊनही खंगत जातो. अशा वेळी रक्त-लघवी तपासून घ्यावी. गावच्या दवाखान्यात सोय नसेल तर परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. कुत्री असेल तर डॉक्टरांना नसबंदीचंही विचारा; माजानंतरच्या हार्मोन्समुळे इन्सुलिनचा असर कमी होतो.

सुई

घरातल्या आजोबांच्या शुगरच्या गोळ्या इथे उपयोगाच्या नाहीत. कुत्र्याला जवळजवळ नेहमी इन्सुलिनच लागतं, साधारण बारा तासांच्या अंतराने, जेवणासोबत. १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी या औषधाचा शोध लावला, तो कुत्र्यांवरच्याच प्रयोगांतून. त्यांच्या जातीचं आपल्यावर एवढं ऋण असताना म्हातारपणी त्यांना दोन सुया नाकारू नयेत, असं मला मनापासून वाटतं.

सगळ्यात जपायचं ते माप. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा मिलिलीटरला ४० युनिटचं असतं, पण १०० युनिटचंही मिळतं. ४० च्या सिरिंजमध्ये १०० चं औषध भरलं, तर डोस अडीचपट होतो आणि तो जिवावर बेततो. म्हणून बाटली आणि सिरिंज, दोन्हींवरचा आकडा दर वेळी वाचा. दुधाळ इन्सुलिन हलवू नका, तळहातांत हळुवार फिरवा. मानेजवळची किंवा पाठीची सैल कातडी उचलून सुई द्या आणि रोज जागा बदला.

बीडचा उन्हाळा आणि जाणारी वीज, दोन्ही इन्सुलिनचे वैरी. फ्रीज नसेल तर प्लास्टिकच्या डब्यात बंद केलेली बाटली सावलीतल्या ओल्या माठात ठेवतात. मात्र तिला पाणी लागू देऊ नये. फ्रीजमध्येही ती बर्फाच्या कप्प्यात नको, कारण गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

खाणं

रोज तेच, तेवढंच आणि त्याच वेळी. भाकरी किती आणि अंडं किंवा मांस किती, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या. मधल्या वेळी पेढा, बिस्किट, लग्नातलं उरलेलं काही नको. शेजारच्या मुलांनाही हे सांगून ठेवा.

डोळे

उपचार चालू असतानाही बऱ्याच कुत्र्यांना मोतीबिंदू होतो. वासावर आणि सवयीवर ते नीट वावरतात, फक्त पाण्याचं भांडं आणि बाज जागची हलवू नका.

साखर उतरली तर

थरथर, झोकांड्या, गळून पडणं, झटके ही साखर फार उतरल्याची लक्षणं. शुद्धीत असेल तर लगेच खायला द्या. गिळता येत नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. मध किंवा गुळाचा दाट पाक हिरड्यांवर चोळा, पण झटका चालू असताना तोंडात बोट घालू नका. मग तसंच डॉक्टरांकडे न्या. आणि कुत्रा जेवलाच नाही, तर नेहमीची सुई देण्याआधी डॉक्टरांना फोन करा.